कलम 269 चे आरोपी

मद्रास हायकोर्टाचा 1883 सालचा एक निवाडा आहे. दोन माणसे आगगाडीत बसली. त्यातल्या एकाला पटकी झाली होती आणि आपल्याला काय झाले आहे हे तो जाणून होता. दुसऱ्यानेही ते ठाऊक असताना त्याचे तिकीट काढले आणि त्याच्या सोबतीने प्रवास केला. रेल्वेच्या माणसांना दोघांनी काही सांगितले नाही. कोर्टाने आजारी माणसाला भारतीय दंड संहितेच्या कलम 269 खाली दोषी धरले आणि तिकीट काढणाऱ्याला त्या गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल. क्वीन एम्प्रेस विरुद्ध कृष्णप्पा या नावाने तो निवाडा वकिलांना ठाऊक आहे. रतनलाल-धीरजलालांच्या जाडजूड टीकेत या कलमाखाली तो अजून छापतात.

फौजदारी वकिलीत साताऱ्याच्या कोर्टात माझे केस पांढरे झाले. खून, दरोडे, बांधावरच्या हाणामाऱ्या, सगळे चालवून झाले. कलम 269 मात्र बरीच वर्षे पुस्तकातच राहिले. फावल्या वेळात त्याचे निवाडे वाचायची सवय लागली ती या कृष्णप्पामुळे. त्याच्या सोबत्याला कोर्टाने गुन्ह्याचा साथीदार म्हटले. मला तो आजाऱ्याला घरी पोचवायला निघालेला माणूस वाटतो. पण कायद्याच्या हिशेबात कोर्टाचे चुकले असे म्हणता येत नाही. कलम सांगते ते एवढेच: जिवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेली कृती, बेकायदेशीरपणे किंवा हयगयीने, आणि तसा संभव आहे हे ठाऊक असताना किंवा ठाऊक असायला कारण असताना केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कुणी आजारी पडलेच पाहिजे अशी अट नाही. डब्यातला एकही उतारू पुढे पटकीने गेला नाही तरी गुन्हा पुरा होतो. सरकारी वकिलाला एरवी घाम फोडणारी गोष्ट, म्हणजे अमक्याचा रोग तमक्यालाच लागला हे शाबीत करणे, इथे त्याच्या डोक्यावर नाही. त्याला दाखवायचे ते आरोपीच्या मनातले: याला ठाऊक होते.

काय ठाऊक होते? ज्या साली मद्रासच्या न्यायाधीशांनी पटकी माणसाकडून माणसाकडे जाते असे गृहीत धरून शिक्षा कायम केली, त्या साली हिंदुस्थान सरकारचा आरोग्यखात्याचा सर्वांत मोठा अधिकारी, सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम, उलट सांगत होता. पटकी माणसागणिक पसरत नाही, ती त्या त्या जागेच्या हवापाण्यात उपजते, क्वारंटीन हा व्यर्थ छळ आहे, असे त्याचे ठाम मत होते. त्यामागे व्यापारही होता. सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाल्यापासून युरोपातली सरकारे हिंदुस्थानातून येणारी जहाजे अडवा म्हणत होती, आणि इंग्रजांना ती अडवायची नव्हती. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा काढून दाखवला तो 1884 च्या आरंभी. म्हणजे सरकारच्या एका खात्याला जे मान्य नव्हते, ते तिसऱ्या वर्गाच्या उतारूला ठाऊक असायला हवे होते असे सरकारचे दुसरे खाते म्हणत होते. (वर्ग मी माझ्या मनाने घातला, पण सलूनच्या डब्यातल्या साहेबाचा खटला या कलमाखाली माझ्या वाचनात आलेला नाही.)

संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये केला. कायदा झाला 1860 मध्ये, लागू झाला 1 जानेवारी 1862 पासून. रोगाची तीन कलमे चौदाव्या प्रकरणात होती. 269 हयगयीचे, 270 दुष्ट हेतूचे, त्याला दोन वर्षे, 271 क्वारंटीनचा नियम मोडल्याचे. शेजार पाहण्यासारखा आहे. पुढे लगेच अन्नात भेसळ, औषधात भेसळ, विहिरीचे पाणी घाण करणे, बेफाम गाडी हाकणे आणि शेवटाकडे अश्लील गाणी. सार्वजनिक उपद्रव असे ते सगळे खाते. रोगी माणूस म्हणजे रस्त्यावरचा उपद्रव, हा विचार त्या मांडणीतच बसवलेला आहे.

कृष्णप्पानंतर तीन वर्षांनी, 1886 मध्ये, आमच्या मुंबई हायकोर्टापुढे रखमाचा खटला आला. ती वेश्या होती, तिला गरमी झाली होती, आणि तिच्याकडे गेलेल्या पुरुषाला ती लागली. तो फिर्यादी, ती आरोपी. कलम तेच, 269.

इथे हायकोर्टाने वेगळी वाट धरली. रोग पुढे गेला तो फिर्यादीच्या स्वतःच्या कृतीतून गेला, आणि तो जाणता, जबाबदार माणूस, त्या कृत्यातला भागीदारच आहे. म्हणून 269 लागू होत नाही, असे ठरले. तिने काही खोटे सांगून त्याला फसवले असेल तर फसवणुकीचे कलम 417 पाहा, म्हणाले. तर्क नेमका आहे, पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त रुचते. आगगाडीच्या डब्यात शेजारी बसलेल्याला निवड नव्हती. रखमाच्या दारात आलेल्याला होती. दोन वर्षांनी, 1888 मध्ये, इंग्लंडातही असाच प्रश्न आला. क्लॅरेन्स नावाच्या नवऱ्याने परमा असल्याचे बायकोपासून लपवले आणि तिला रोग लागला. तिथे तेरा न्यायाधीश बसले आणि नऊ विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा रद्द झाली. त्या बायकोला निवड होती का, याचा विचार बहुमताने फारसा केला नाही. मुंबईचा निवाडा आणि लंडनचा निवाडा एका ओळीत ठेवून शिकवतात. मला ती जोडी कधी पटली नाही.

रखमा सुटली म्हणून त्या काळच्या मुंबईत तिच्यासारख्या बायका सुटल्या असे समजू नये. 1868 च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी आली होती. छावण्यांतल्या गोऱ्या सोजिरांना गरमी-परम्याने घेरले होते, त्यांना वाचवायचे होते. मुंबईत हा कायदा 1870 मध्ये लागू झाला, 1872 मध्ये गुंडाळला, 1880 मध्ये पुन्हा आणला आणि 1888 मध्ये रद्द झाला. तपासणीला न येणारी बाई गुन्हेगार. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी कायद्यात नव्हती. म्हणजे रखमाचा खटला चालला तेव्हा दंड संहितेच्या दारातून ती बाहेर पडत होती आणि दुसरा कायदा बाहेर वाट पाहत उभा होता.

यानंतर प्लेग. मांडवीतला पहिला रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी 23 सप्टेंबर 1896 रोजी ओळखला. 6 ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला: कुठल्याही घरात शिरू, रोग्याला इस्पितळात हलवू, नातेवाइकांची संमती असो वा नसो. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा हजारभर जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. दुसऱ्याच दिवशी जाहीरनाम्याची धार बोथट करण्यात आली. स्नोसाहेबांची खरी भीती झाडूवाल्यांची होती. ते शहर सोडून गेले तर मुंबई प्लेगाआधी घाणीनेच मरेल, हे त्यांनी ओळखले होते. तरीही पुढच्या काही महिन्यांत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती निघून गेली.

मग कलकत्त्याच्या कौन्सिलात साथरोगांचा कायदा आला. 28 जानेवारी 1897 ला मांडला, 4 फेब्रुवारीला मंजूर. अवघी चार कलमे. सरकारला वाटेल तो नियम करता येईल. तो मोडला तर दंड संहितेच्या कलम 188 प्रमाणे शिक्षा, म्हणजे हुकूम मोडल्याची. आणि अंमलबजावणी करणाऱ्यावर, सद्‌बुद्धीने केले असेल तर, दावा-खटला नाही. वकील म्हणून मला यातले दुसरे कलम महत्त्वाचे वाटत नाही, तिसरे वाटते. 269 मध्ये निदान आरोपीला काय ठाऊक होते हे विचारावे लागे, रोगाचा आणि कृतीचा संबंध दाखवावा लागे. 188 ने ती कटकट संपवली. आता हुकूम आणि तो मोडणारा, एवढेच उरले. सरकारी मनाला हे कलम 1897 पासून जे आवडले, ते आजतागायत.

पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेब आले. त्याआधी ते आमच्या साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होते, आणि वाईच्या मिरवणुकीत वाजंत्री वाजवण्याच्या प्रकरणात तिथल्या प्रतिष्ठितांना तुरुंगात धाडून त्यांनी नाव काढले होते. 13 मार्च 1897 पासून पुण्यात गोऱ्या शिपायांच्या झडत्या सुरू झाल्या. त्याच्या तीनच दिवस आधी, 10 मार्चला, रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगाने गेल्या होत्या. झडत्यांत काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको: माजघरापर्यंत बूट, देवघरातली उलथापालथ, बायकांची उघड्यावर तपासणी, संशयितांची रवानगी स्वारगेटच्या छावणीत. रोगी लपवणे हा गुन्हा झाला, मढे न कळवणे हाही. माळवदावर, कणगीमागे, जिन्याखाली माणसे आपली माणसे लपवू लागली.

आणि ज्याने रोग पसरत होता तो उंदीर मोकळाच फिरत होता. येर्सिनने प्लेगाचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला शोधला होता, पण उंदरावरची पिसू तो माणसात आणते हे पॉल-लुई सिमाँने कराचीत 1898 मध्ये दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाकडे थेट जात नाही. लोकांना मात्र आपल्या परीने कळले होते. उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, ही रीत आमच्या भागात अजून जुन्या घरांत सांगतात, आणि नंतर सरकारनेही गावे रिकामी करण्याचा तोच उपाय धरला. अर्थात अंथरुणे आणि धान्याची पोती बैलगाडीत घालून दूरच्या पाहुण्याकडे जाणाऱ्याने पिसवाही नेल्या. पळून जाणारे सगळे शहाणे होते असे मी म्हणणार नाही. पण कायद्याने ज्या कृतीला गुन्हा म्हटले, म्हणजे आईने आजारी मुलाला घरात ठेवणे, तिच्यातून रोग सर्वांत कमी पसरत होता.

22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांवर गोळी कशी झाडली गेली, दामोदर चापेकरांना कधी फाशी झाली, हे शाळेत शिकवतात. मला सांगायचे ते निराळे आहे. त्या साथीतला सर्वांत गाजलेला फौजदारी खटला रोग पसरवण्याचा नव्हताच. तो 124अ खालचा, राजद्रोहाचा होता. टिळकांवर. हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभे करायला पुढाकार घेणाऱ्या, साथीत पुणे न सोडणाऱ्या माणसाला सप्टेंबर 1897 मध्ये न्या. स्ट्रॅची यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी दिली. पुण्याच्या नातू बंधूंना तर खटलाही मिळाला नाही. 1827 च्या एका रेग्युलेशनखाली त्यांना उचलून नेले. चौकशी नाही, आरोपपत्र नाही. रोगाच्या नावाने सुरू झालेली फौजदारी कुठल्या कलमावर जाऊन थांबेल याचा नेम नसतो, हे पुण्याने त्या वर्षात पाहिले.

महारोग्यांची गोष्ट याच दशकातली, पण तिच्याकडे लक्ष कमी जाते. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी 1890 मध्ये माटुंग्याला बेवारस महारोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले. वडाळ्याचे ॲकवर्थ इस्पितळ ते हेच. हा गृहस्थ विलक्षण. शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर त्याने मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापले, त्यातल्या काहींची इंग्रजी भाषांतरे 1894 मध्ये प्रसिद्ध केली. गोंधळ्यांच्या तोंडून शिवाजी महाराजांचे पोवाडे उतरवून घेणारा आणि रस्त्यावरचे भिकारी रोगी उचलून नेण्याची व्यवस्था लावणारा माणूस एकच. त्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही; रस्त्यावर मरण्यापेक्षा माटुंगा बरा, असे म्हणणारे रोगीही असतील. पण 1898 चा केंद्राचा महारोग कायदा पाहा. पोलिसाला वॉरंटाशिवाय अटक करता येई ती कुणाला? महारोगी दिसणाऱ्या निर्धनाला. उघड्यावर भीक मागणाऱ्याला, किंवा पोटापाण्याचे साधन न दिसणाऱ्याला. बंगल्यातल्या रोग्याला हे अटकेचे कलम शिवत नव्हते. जंतूला खिसा पाहता येत नाही, कायद्याला येत होता. आणि नॅशनल लेप्रसी फंडाने नेमलेल्या महारोग आयोगाने, ज्याचा अहवाल 1893 मध्ये आला, संसर्गाचा धोका फारच थोडा असल्याचे आधीच सांगून ठेवले होते. केंद्राने तो कायदा पुस्तकातून काढला 2016 मध्ये.

गोव्याकडे वळतो. डॉमिनिक डिसूझा, पर्रा गावचे, नियमित रक्तदान करणारे. फेब्रुवारी 1989 मध्ये त्यांना म्हापशात पोलिसांनी नेले आणि मग क्षयरोग्यांच्या एका ओस इस्पितळात कोंडले, 64 दिवस. त्यांच्यावर गुन्हा दाखल नव्हता. रक्तात एचआयव्ही सापडला होता, आणि गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायद्यात त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी घातलेले एक कलम अशा माणसाला वेगळे ठेवा म्हणत होते. हा विषाणू हवेतून, पंगतीतून, शेजारातून जात नाही हे 1989 मध्ये जगाला पक्के माहीत होते. पटकीच्या वेळी शास्त्र अपुरे होते असे तरी म्हणता येते. इथे तीही सबब नाही. आई ल्यूसी डिसूझा हायकोर्टात गेल्या. मुंबई हायकोर्टाच्या पणजी खंडपीठाने त्याच वर्षाच्या शेवटी कलम वैध ठरवले. डॉमिनिक यांची नोकरी गेली होती. त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि 1992 मध्ये ते वारले. तो निवाडा मी अनेकदा वाचला. समाजाचे हित आणि व्यक्तीचा हक्क यांची तुलना त्यात व्यवस्थित केलेली आहे. फक्त समाजाला नेमका धोका कोणत्या वाटेने होता, ही बाब मला त्यात पुरेशी तपासलेली दिसली नाही. एचआयव्हीबाबतचा केंद्राचा कायदा झाला 2017 मध्ये, लागू झाला सप्टेंबर 2018 मध्ये. एचआयव्ही आहे म्हणून माणसाशी भेदभाव करण्यास, वेगळे ठेवण्यास त्याने बंदी घातली.

करोनाचे थोडक्यात, कारण ते सगळ्यांनी पाहिले. मार्च 2020 पासून कलम 269 अचानक शिपायाच्याही तोंडी आले. दूध आणायला निघालेला, ट्रकमधून गावी पायउतार झालेला, पारावर बसलेला, सगळ्यांवर एकच माळ: 188, 269, 270, साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा. कारण आतल्या गोटातले आहे. कलम 188 च्या गुन्ह्याची दखल कोर्ट पोलिसांच्या नुसत्या दोषारोपपत्रावर घेऊ शकत नव्हते. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागे, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 195 प्रमाणे. ती कोण करत बसणार? 269 जोडले की प्रकरण उभे राहते. मी उलटतपासात एवढेच विचारी: आरोपीची तपासणी केली होती का? अहवाल कुठे आहे? तपास अंमलदार खाली पाहत. ज्याला रोग झाला होता असा कागदच नाही, त्याने तो पसरवण्याचा संभव ठाऊक असून कृती केली, हे कुठल्या तोंडाने म्हणायचे?

हेच वरच्या कोर्टांनी मोठ्या प्रकरणात म्हटले. तबलिगी जमातीला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी रद्द केले. साथ आली की सरकार बळीचा बकरा शोधते, असे स्पष्ट लिहिले. महिनाभराने नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या काही नागरिकांच्या प्रकरणात कलमाच्या अंगाने उत्तर दिले: या लोकांना संसर्ग झाला होता असा पुरावाच नाही, मग 269 आणि 270 येतात कुठून? सगळ्या वर्तमानपत्रांनी औरंगाबादचा निकाल छापला. वकिलाच्या कामाचा नागपूरचा आहे. त्याच वर्षी साथरोग कायद्यालाही नवी कलमे जोडली गेली, पण ती डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणाऱ्यांसाठी. गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. रोग्यासाठी काही बदलले नाही.

1 जुलै 2024 पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. 269 आता 271 झाले, 270 झाले 272, आणि क्वारंटीनचे 271 झाले 273. मजकूर जवळजवळ शब्दशः तोच, शिक्षाही त्याच. एक दुरुस्ती मात्र केली आहे: क्वारंटीनच्या कलमात 1860 पासून जहाजे नांगर टाकून उभी होती, त्यांच्या जागी आता वाहतुकीचे कोणतेही साधन आले. जिवाला धोका असलेले रोग कोणते, याची यादी जुन्या कलमात नव्हती, नव्यातही नाही. ते प्रत्येक खटल्यात पुराव्यावर ठरते, आणि पुरावा आणायची जबाबदारी अजून सरकार पक्षाचीच आहे.